दोन रॉडवाला

करोल बागेतल्या आमच्या बिऱ्हाडात एक दोन रॉडचा हीटर होता. रुंदीला हातभर, उंचीला दीड वीत, पत्र्याचं अंग आणि त्यावर जागोजाग पोपडे धरलेला तपकिरी रंग. आत वाकवलेला चकचकीत पत्रा, त्याच्यापुढे चिनीमातीचे दोन आडवे दांडे, दांड्यांवर वेटोळी घेत गेलेली बारीक तार आणि सगळ्यांच्या पुढे लोखंडी जाळी. बाजूला दोन बटणं. एक दाबलं की खालचा रॉड, दुसरं दाबलं की वरचा. किती तापायचं ते त्याला सांगता येत नसे. खोली उबदार झाली म्हणून आपण होऊन थांबावं, हेही त्याला ठाऊक नव्हतं. चालू असेपर्यंत तो पूर्ण ताकदीनं चालू असायचा.

दिवाळीचा आकाशकंदील उतरला की दिल्लीत रजया बाहेर निघतात. गच्चीवर त्यांना दोन दिवस ऊन दाखवलं जातं, आणि त्याच सुमाराला तोही माळ्यावरून खाली यायचा. पहिला दिवस त्याला जड जाई. आठ-नऊ महिने साचलेली धूळ तारेवर जळायची आणि घरभर करपट वास सुटायचा. पत्रा तापताना टिक्‌ टिक्‌ करायचा. तारेतून बारीक गुणगुण यायची. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं होते, त्या धडपडीची ती थरथर. तार आधी काळीच असायची, मग मधोमध काळपट लाल दिसू लागायची, ती लाली दोन्ही टोकांकडे सरकायची आणि मिनिटभरात दांडा नारिंगी होऊन जायचा. सासूबाई त्या वेळी हात पुढे धरून म्हणायच्या, "आला बाई थंडीचा धनी."

त्याची ऊब हवेला हाताशी धरून येत नाही, ती थेट येते. तापलेल्या तारेतून निघालेले अवरक्त किरण मागच्या चकचकीत पत्र्यावर आपटून पुढे फेकले जातात आणि समोर जे अंग असेल त्यावर पडतात. म्हणून मध्ये कुणी उभं राहिलं की ऊब तत्क्षणी तुटते. आमच्या घरात हिवाळाभर सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य होतं, "आड येऊ नकोस रे!" आणि त्याच कारणानं समोरची बाजू भाजायची तर पाठ गारच राहायची. थोडा वेळ तोंड करून बसायचं, मग वळून पाठ द्यायची. सासूबाई पाठीवर शाल आणि पुढे हीटर असा मेळ घालून बसत.

घर तीन खोल्यांचं, हीटर एक. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत आमचं घर एका खोलीचं होऊन जाई. लेक अभ्यासाची वह्या-पुस्तकं घेऊन त्याच्यापुढे येई. मी मटार सोलायला बसे, कारण दिल्लीतला हिवाळा म्हणजे मटारांचे ढीग आणि लाल गाजरं. हे ऑफिसातून आले की बूट काढून आधी तिथेच टेकत. एरवी ज्याला-त्याला आपापली खोली आणि आपापला फोन असतो, पण थंडीचे दोन महिने सगळ्यांच्या मांड्या एकमेकांना लागलेल्या असत. भांडणंही तिथेच व्हायची आणि तिथेच मिटायची, कारण रुसून उठून जायचं तर कुठं? शेजारच्या खोलीत दहा अंश. माझ्या मुलीला तिच्या आजीच्या लहानपणच्या गोष्टी जेवढ्या माहीत आहेत, त्यातल्या बहुतेक या हीटरसमोर ऐकलेल्या आहेत. मे महिन्याच्या कूलरसमोर असं काही झालेलं मला आठवत नाही.

त्याचा हिशेब चोख होता. एक रॉड हजार वॉटचा. तासभर चालला की मीटरवर एक युनिट. दोन्ही चालले तर अर्ध्या तासात एक. आणि घेतलेल्या विजेतला कणही तो बाजूला ठेवत नसे. घेतली तेवढी सगळी ऊब करून परत देई. मँचेस्टरजवळच्या बीअर गाळणाऱ्या घराण्यातल्या जेम्स जूलनं १८४१ साली तारेतल्या विजेची उष्णता किती होते याचा नियम मांडला, तो नियम या हजार-बाराशे रुपयांच्या डब्याला आणि दहा हजारांच्या दिमाखदार हीटरला एकच आहे. दुकानदार सांगतात, हा हीटर वीज कमी खातो आणि ऊब जास्त देतो. तसं होत नाही. हजार वॉटचा कुठलाही हीटर तासाला तेवढीच उष्णता देतो, मग तो पत्र्याचा असो की काचेचा. कमी वॉटचा घेतला तर वीज कमी लागते, आणि ऊबही तितकीच कमी मिळते. ठरल्यापेक्षा दाणाही जास्त न मागणारा आणि ठरल्यापेक्षा घटकाही कमी न राबणारा सालगडी असावा, तसा हा माणूस. (माणूसच म्हणते मी त्याला.)

ती वेटोळ्यांची तारही मोठी चिवट. साधी लोखंडाची तार इतकी लाल होऊन हवेत राहिली तर गंजून, पापुद्रे सुटून लवकरच तुटेल. १९०५-०६ च्या सुमाराला अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियम एकत्र करून नायक्रोम हा मिश्रधातू तयार केला. साधारण ऐंशी भाग निकेल, वीस भाग क्रोमियम. ही तार तापली की तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच थर आतल्या धातूला पुढे जळू देत नाही. तिचं कवच तिच्या जळण्यातूनच तयार होतं. विजेच्या इस्त्र्या, टोस्टर, शेगड्या, हीटर हे सगळं त्या तारेमुळे घरोघर पोचलं. इंग्लंडमध्ये १९१२ साली चार्ल्स बेलिंग यांनी नायक्रोमची तार भाजक्या मातीच्या पट्ट्यांवर गुंडाळून घरगुती हीटर बनवायला सुरुवात केली. आमच्या हीटरचा चिनीमातीचा दांडा त्याच वंशातला. शंभर वर्षांत त्याच्यात मूलभूत बदल फारसा झालेला नाही, आणि करायची गरजही पडली नाही.

मग तरीही दिल्लीत प्रत्येक घरात एकच तक्रार का? "हीटर लावतो, पण खोली गरमच होत नाही."

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला ही थंडी समजायला एक हिवाळा जावा लागतो. थंडी आपल्याकडेही असते. निफाडला पारा किती घसरला ते दरवर्षी पेपरात येतं, २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते. पण आपल्याकडे दहा-अकरा वाजता ऊन चढतं, दुपारी स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो, भिंती दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब थोडी थोडी परत देतात. दिल्लीत धुकं बसलं की सूर्य दिसत नाही. ३० डिसेंबर २०१९ ला सफदरजंगच्या वेधशाळेत दिवसाचं कमाल तापमान ९.४ अंश होतं. १९०१ पासूनचा डिसेंबरमधला सगळ्यांत गार दिवस तो. कमाल, म्हणजे भर दुपारचं. असे चार-पाच दिवस लागोपाठ गेले की भिंती, फरशी, पलंग, ताट-वाटी सगळं गार होऊन बसतं. कपाटातून काढलेला सदराही अंगाला चटका देतो. आणि ही घरं बांधलेली असतात ४५ अंशांचा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून. उघडे झरोके, दगडी किंवा मोझेकची फरशी, दाराखाली बोटभर फट, खिडकीला पातळ काच. उन्हाळ्यात ज्या ज्या गोष्टीनं सुख होतं, त्या त्या गोष्टीतून जानेवारीत ऊब निसटते.

हा हिशेब मी एकदा कागदावर करून पाहिला. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घेतली, तर तिच्यातली नुसती हवा दहा अंशांनी तापवायला हजार वॉटच्या रॉडला जेमतेम सहा मिनिटं पुरतात. पण सहा मिनिटांत खोली तापत नाही, हे आपण रोज पाहतो. मग उरलेली ऊब जाते कुठं? विटांच्या भिंती पितात, गच्चीचा स्लॅब पितो, फरशी पिते, आणि फटींतून बाहेर जाते ती वेगळीच. चारही बाजूंनी उघडी असलेली खोली धरली, तर बाहेरच्यापेक्षा दहा अंश जास्त टिकवायला अख्खे हजार वॉट लागतात, म्हणजे एक रॉड रात्रभर नुसता गळती भरत बसतो. दोष हीटरला लागतो. त्याला कमकुवत म्हणतात, वीज खाणारा म्हणतात, आणि पुढच्या वर्षी जास्त वॉटचा आणतात. घराकडे कुणी बोट दाखवत नाही. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. घर सगळीकडून गळत असताना जो त्यात ऊब ओतत राहतो, त्याच्यावर आळ यावा हे बरोबर नाही.

त्याच्यात दोष नव्हते असं नाही. दोन्ही रॉड लावले की तो पावणेनऊ अँपिअर ओढायचा. भिंतीवरचं साधं छोटं सॉकेट सहा अँपिअरचं असतं. तिथे तो लावला, की प्लग तापायचा, प्लास्टिक पिवळं पडायचं. त्याला सोळा अँपिअरचं पॉवर सॉकेट आणि तीन पिनांचा प्लग लागायचा. पत्र्याच्या अंगाला अर्थिंग हवंच. एक्स्टेंशनच्या बोर्डावर तर त्याला कधीच लावू नये. आमच्याकडे बाथरूममधला गीझर चालू असला की हीटर बंद, हा नियम होता, नाहीतर एमसीबी खाली पडून सगळं घर अंधारात जाई. दिल्लीत कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, म्हणून लोक खुर्ची ओढून हीटरपुढे मोजे आणि मुलांचे गणवेश पसरतात. ते सगळ्यांत वाईट. पडदा, रजई, कपडा यांपासून त्याला तीन फुटांवर ठेवायचं, आणि झोपताना बटण बंद करून प्लग काढायचा. पडला तर आपोआप बंद होणारं बटण नव्या हीटरांना असतं, त्याला नव्हतं. त्याच्याजवळ कुणीतरी जागं असावं लागायचं.

काही आळ मात्र खोटे होते. तो ऑक्सिजन जाळतो, असं शेजारणी सांगायच्या. तारेतून वीज वाहते, तिथे काही जळत नाही, ऑक्सिजन खर्च होत नाही. नाक-घसा कोरडा पडतो ते खरं, पण त्याचं कारण वेगळं आहे. बाहेर आठ अंशांवर धुक्यानं भरलेली हवा असते. तीच हवा घरात घेऊन वीस अंशांवर नेली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण तिची पाणी धरायची ताकद दुपटीहून वाढते. म्हणून ती ओठांतून, डोळ्यांतून, कातडीतून पाणी ओढू लागते. खोलीत पाण्याचं पातेलं ठेवायची दिल्लीकरांची रीत त्यासाठी चांगली आहे.

ऑक्सिजन खाणारी आणि जीव घेणारी चीज वेगळी आहे, ती म्हणजे कोळशाची अंगीठी. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, माणसाला गुंगी येते आणि झोपेतच सगळं संपतं. दार-खिडक्या लावून अंगीठी पेटवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या उत्तर भारतात जवळजवळ दर हिवाळ्यात येतात. बहुधा ती माणसं मजूर, चौकीदार, ड्रायव्हर अशी असतात. ज्यांच्या खोलीत विजेचं सॉकेट नसतं किंवा असलं तरी बिल परवडत नाही.

आमच्या वरच्या बरसातीत दोन मुलं राहायला आली, एक यवतमाळकडचा, एक वर्ध्याचा. दोघंही यूपीएससीची तयारी करणारी. बरसाती म्हणजे गच्चीवरची एकुलती खोली. तिला शेजार नाही, वरती मजला नाही, चारी भिंती वाऱ्यावर. उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फ. पोरं आली तेव्हा ऑक्टोबर होता आणि त्यांच्याकडे एकेक स्वेटर होता. यवतमाळवाला मला म्हणाला होता, "काकू, थंडी तं आमच्याकडंबी राह्यते." जानेवारीत तोच कानटोपी, मफलर आणि अंगावर ब्लँकेट घेऊन पुस्तकापुढे बसलेला दिसायचा. बोटं आखडल्यामुळे उत्तरं लिहिण्याचा सराव होत नाही, म्हणायचा.

खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंचा नियम पक्का होता. "बेटा, हीटर नहीं चलेगा." राजिंदर नगर, करोल बाग, मुखर्जी नगर, जिथे जिथे ही मुलं राहतात तिथे हा नियम कमी-जास्त प्रमाणात असतोच. घरमालकांची भीती खोटी नाही. जुन्या वायरिंगवर वेडीवाकडी जोडणी करून मुलांनी हीटर लावले, तर आग लागू शकते. पण नुसतं नको म्हटल्यानं थंडी जात नाही. एका संध्याकाळी गच्चीवर वाळवण काढायला गेले तर ही दोघं बाजारातून आणलेल्या लोखंडी अंगीठीत कोळसे पेटवत बसली होती. निखारे फुलले की ती खोलीत नेणार होती आणि दार लावून झोपणार होती. मी तिथल्या तिथे बादलीभर पाणी ओतलं. पोरं घाबरली, मग शरमली. कार्बन मोनॉक्साइडचं सूत्र दोघांना तोंडपाठ होतं.

त्याच हिवाळ्यात सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं होतं, साखर तपासायला. डॉक्टरांनी त्यांच्या नडग्या पाहिल्या आणि विचारलं, "आजी, हीटरपुढे बसता का रोज?" नडग्यांवर तपकिरी जाळी उमटली होती. खूप दिवस बेताच्या उष्णतेपुढे तोच तोच भाग राहिला की कातडीवर अशी जाळी पडते. काश्मिरात फेरन या लांब झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर ती पडते, आणि वर्षानुवर्षांनी तिथे कर्करोगही होतो, त्याला डॉक्टर कांगडी कॅन्सरच म्हणतात. आजींचं तसं काही नव्हतं. पण मधुमेहात पायांची जाणीव बोथट होते, चटका बसला तरी कळत नाही, आणि जखम लवकर भरत नाही. त्यांना लाल तारेपुढे बसवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

म्हणून घरात दुसरा आला. तेलाचा, नऊ पात्यांचा, पांढरा, चाकांवर फिरणारा. त्याच्या पोटातलं तेल जळत नाही, संपत नाही, बदलावं लागत नाही. आतली कॉइल तेल तापवते आणि पाती खोलीची हवा हळूहळू गरम करतात. लाल दिसत नाही, अंगावर धावून येत नाही. अर्धा तास तर तो चालू आहे की नाही हेच कळत नाही. पण खोली ठरल्या अंशावर आली की आपण होऊन थांबतो, बंद केल्यावरही बराच वेळ उबदार राहतो. म्हाताऱ्या माणसांच्या आणि तान्ह्या बाळांच्या खोलीत त्याचीच जागा. बाकीची भावंडंही बाजारात पाहिली होती. चांदणी चौकाजवळ भागीरथ पॅलेसला विजेच्या सामानाचा घाऊक बाजार आहे, तिथे नोव्हेंबरात सगळं खानदान मांडून ठेवलेलं असतं. चारशे-चारशे वॉटच्या काचेच्या नळ्यांचा क्वार्ट्झवाला. मान वळवत राहणारा हॅलोजन. गरम हवा फेकणारा आणि सारखा घोंघावणारा ब्लोअर. आणि खिसा मोठा असेल तर गरम-थंड दोन्ही करणारा एसी. तो ऊब बाहेरच्या हवेतून उपसून आत आणतो, तयार करत नाही. म्हणून एका युनिटमध्ये तीन युनिटांची ऊब देतो. ज्याला परवडतो त्यानं तोच घ्यावा असं मला वाटतं. पण परवडणारी माणसं आणि गारठणारी माणसं वेगळी असतात.

दोन रॉडवाला त्यामुळे रिकामा झाला, आणि मी तो घेऊन घरमालकीणबाईंकडे गेले. सोबत गल्लीतल्या एका सोन्याच्या गलाईच्या दुकानातले काका होते. खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळण्याच्या कामाला पांगलेली आहेत, त्यातले हे एक. सोनं १०६४ अंशांना वितळतं, त्या भट्टीपुढे त्यांचा दिवस जातो. त्यांचा शब्द मालकीणबाई मानत. ते आधी वर गेले, बरसाती फिरून पाहिली, भिंतीला हात लावला, दाराखाली चप्पल सरकवून पाहिली. ती सरळ पलीकडे गेली. खाली येऊन म्हणाले, "वहिनी, भट्टीला अस्तर नसंल तर कितीबी जाळ लावा, वाया जातोय. ही खोली बिनअस्तराची भट्टी हाय."

बाईंनी ऐकून घेतलं. त्यांना सगळ्यांत पटला तो अंगीठीचा मुद्दा. आपल्या घरात पोरांच्या जिवाला काही होण्यापेक्षा एक सॉकेट बसवलेलं बरं, इतकं त्या म्हणाल्या. इलेक्ट्रिशियन आला, मीटरपासून वेगळी जाड तार ओढली, सोळा अँपिअरचं सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी बसवला, अर्थिंग तपासलं. खर्च अर्धा त्यांचा, अर्धा मुलांचा.

उरला प्रश्न बिलाचा. दिल्लीत २०१९ पासून महिन्याला २०० युनिटांपर्यंत घरगुती बिल शून्य येतं. हजार वॉटचा एक रॉड रोज आठ तास चालवला, तर पंचवीस रात्रींत तो एकटाच ते २०० युनिट संपवतो. मग दिवा, पंखा, फोन, पाण्याची मोटर कशावर चालायची? आणि सबमीटरवर राहणाऱ्या मुलांना ती सवलतही मिळत नाही, त्यांना प्रत्येक युनिट मालकाच्या दरानं विकत घ्यावं लागतं. शहरातल्या सगळ्यांत गळक्या खोलीतला माणूस उबेला सगळ्यांत जास्त पैसे मोजतो. १९ जानेवारी २०२४ ला दिल्लीची विजेची मागणी ५८१६ मेगावॉटवर गेली, हिवाळ्यातला तोवरचा उच्चांक. त्यातली कितीतरी वीज अशाच भिंतींमधून, झरोक्यांमधून बाहेरच्या धुक्यात गेली असणार. नवी घरं बांधताना छपरावर थोडं अस्तर आणि दाराला नीट चौकट दिली, तर मे महिन्यातही ती कामाला येतील. उन्हाळा अडवणारी भिंतच हिवाळाही अडवते.

मुलांनी मात्र वाट पाहिली नाही. रविवारी दोघं कामाला लागली. दाराच्या फटीला जुन्या पँटमध्ये चिंध्या भरून लांब वळकटी केली आणि रात्री ती दाराला लावून ठेवू लागली. वरचे दोन झरोके पुठ्ठ्यानं बंद केले, तिसरा बोटभर उघडा ठेवला, हवेसाठी. खिडकीला पातळ पडद्याऐवजी आमची जुनी जाड सोलापुरी चादर दुहेरी करून टांगली, हीटरपासून लांबच्या भिंतीवर. फरशीवर पानिपतची सतरंजी अंथरली. पलंग उत्तरेच्या भिंतीपासून हातभर ओढून घेतला आणि हीटर दोघांच्या टेबलांच्या मधोमध, पायांपासून तीन फुटांवर ठेवला. आधी मागच्या पत्र्याची धूळ आणि गंज कोरड्या फडक्यानं पुसून काढला. तो चकचकीत नसेल तर ऊब पुढे फेकली जात नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं.

पहिल्या रात्री दोन्ही रॉड लावले. दुसऱ्या रात्री तासाभरानंतर एक बंद करावा लागला. नंतरच्या आठवड्यात वर्धेवाला सबमीटरचे आकडे एका वहीत उतरवून मला दाखवायला आला. संध्याकाळी सात ते अकरा एक रॉड, अकराला बंद, प्लग काढून रजईत. रोजचे चार युनिट. "काकू, वरचं बटण तं आम्ही आता दाबतच नाही," तो म्हणाला, आणि वही माझ्याकडे देऊन विचारू लागला, की छपरासाठी काय करता येईल, मालकीणबाईंना विचारून गच्चीवर पांढरा चुना आणि खालून अस्तर लावलं तर किती खर्च येईल, आणि तो मे महिन्यात किती वसूल होईल.